तुझ्या पोटात खोट नाही, पण त्या गोळ्या मधेच सोडू नको

पत्र असं आहे:

"ताई नमस्कार. मी परभणी जिल्ह्यातली, सेलूजवळच्या खेड्यातली. सातवा महिना चालूये, तारीख मे महिन्यातली दिलीय. पहिला मुलगा तीन वर्षांचा, सिझर झालं होतं. त्याच्या वेळी चार दिवस दूध आलं नाही म्हणून बाटलीनं वरचं पाजलं, मधात गुटी पण दिली, आणि मग वर्षभर लेकराला सारखे जुलाब. आता सासूबाई म्हणायल्यात की तुझंच पोट बिघडलेलं होतं म्हणून त्याचं बिघडलं, तुझ्यातच खोट आहे. त्यात पुण्याच्या बहिणीनं एक व्हिडिओ पाठवला, आईच्या आतड्यातले बॅक्टेरिया बाळाला जातात आणि ते खराब असले की बाळाला जन्मभर ॲलर्जी न् लठ्ठपणा. ग्लुकोज पिऊन केलेल्या टेस्टमधे माझी शुगर १५६ आलीय. लघवीला जळजळ होती म्हणून डॉक्टरांनी पाच दिवसाच्या अँटिबायोटिक दिल्या, मी व्हिडिओ बघून दोनच दिवस घेतल्या, बाळाचे चांगले बॅक्टेरिया मरतील म्हणून. ओळखीतली एक जण प्रोबायोटिक, म्हणजे चांगल्या बॅक्टेरियाची, पावडर विकते, डबा २८०० ला. घेऊ का? आणि परत सिझर झालं तर ह्या बाळाचं पण पोट बिघडणारच का? रात्री झोप लागत नाही."

अगं, बाकीचं सगळं नंतर, आधी त्या गोळ्यांचं. तुझं पत्र वाचलं त्या दिवशीच तुला मेसेज टाकला, पण इथं परत लिहिते कारण असा व्हिडिओ बघून गोळ्या बंद करणाऱ्या तू एकटी नसशील. दिवस असताना लघवीच्या नळ्या सैल पडतात, वरून गर्भपिशवीचा दाब, त्यामुळे लघवी साचून राहते आणि खालचं इन्फेक्शन वर किडनीपर्यंत चढायला वेळ लागत नाही. मग हुडहुडी भरून ताप, कमरेच्या वर एका बाजूला ठणका, आणि कधी कधी वेळेआधी कळा. अर्धवट घेतलेल्या गोळ्यांनी जळजळ थांबते आणि आपल्याला वाटतं बरं झालं, पण जंतू आत तसेच. उरलेल्या गोळ्या आपल्या मनानं आज सुरू करू नको, डॉक्टरांना सरळ सांग की मी दोनच दिवस घेतल्या, ते लघवी परत तपासतील, कल्चर करतील म्हणजे जंतू कोणता ते बघतील आणि कोणती गोळी किती दिवस ते ठरवतील. ते रागावतील ह्याची भीती वाटत असेल तर मालकांना सोबत ने. पण सांग.

आणि बाळाच्या बॅक्टेरियाचंच म्हणशील तर हिशोब उलटा आहे. तुझ्या पाच दिवसाच्या गोळ्यांनी तुझ्या आतड्यातली वस्ती थोडी हलते, काही आठवड्यांत बरीचशी परत बसते. इन्फेक्शन चढून बाळ आठव्या महिन्यातच झालं आणि काचेच्या पेटीत ठेवून त्यालाच सुईतून अँटिबायोटिक द्यायची वेळ आली, तर त्याच्या कोवळ्या पोटाला बसणारा तडाखा कितीतरी मोठा. तेव्हा डॉक्टरांनी तपासून दिलेली अँटिबायोटिक पूर्ण घ्यायची. टाळायची ती सर्दी झाली म्हणून मेडिकलवरून आणलेली, शेजारणीच्या डब्यातली उरलेली, किंवा "एक स्ट्राँग गोळी द्या" म्हणून मागून घेतलेली.

आता तुझ्या बहिणीच्या व्हिडिओकडे येते. त्यात सगळंच खोटं आहे असं मी म्हणणार नाही. आईच्या पोटातले बॅक्टेरिया बाळाला मिळतात हे खरंय. पण ते कधी न् कसे मिळतात हे नीट समजलं ना, तर अर्धी भीती तिथंच जाईल.

पोटात असताना बाळाच्या आतड्यात वस्तीच नसते. २०१४ साली अमेरिकेतल्या एका गटानं म्हटलं होतं की वारेतसुद्धा (प्लासेंटात) बॅक्टेरिया राहतात, त्याची खूप चर्चा झाली. मग केंब्रिजच्या लोकांनी ५०० हून जास्त बायकांच्या वारेचे नमुने काळजीपूर्वक तपासले, २०१९ ला ते छापून आलं, आणि बहुतेक वारांमधे बॅक्टेरिया सापडलेच नाहीत. आधी दिसलेले बरेचसे तपासणीच्या सामानातून, बाळंतपणाच्या वेळी चिकटून आलेले होते. म्हणजे सातव्या महिन्यात तुझ्या आतड्यातून काहीतरी खराब रोज बाळात उतरतंय असं चित्र डोळ्यासमोर आणून तू रात्री जागत असशील तर ते चित्र पुसून टाक.

मग तुझ्या तब्येतीचा संबंध कुठं येतो? येतो, दोन वाटांनी. तुझ्या आतड्यातले बॅक्टेरिया तू खाल्लेला कोंडा, साल, पालेभाजीचा चोथा आंबवतात आणि त्यातून बारीक आम्लं तयार करतात, ती रक्तात जातात, रक्तातून वारेकडे. बॅक्टेरिया स्वतः जात नाहीत, त्यांनी शिजवलेलं जातं असं समज. उंदरांवर हे चांगलं दाखवलंय. २०१६ साली स्वित्झर्लंडमधे गाभण उंदरिणींना थोड्या दिवसांपुरतेच बॅक्टेरिया दिले, पिल्लं होईपर्यंत ते निघूनही गेले, तरी पिल्लांच्या आतड्याची प्रतिकारशक्ती जास्त तयार झालेली निघाली. २०२० ला जपानमधे चोथा भरपूर खाणाऱ्या उंदरिणींची पिल्लं पुढं कमी लठ्ठ झाली. उंदराचं माणसाला तसंच्या तसं लागू होत नाही, हे त्या व्हिडिओतल्या माणसानं सांगायला पाहिजे होतं. दुसरी वाट म्हणजे बाळंतपण आणि त्यानंतरचे दिवस, खरी पेरणी तेव्हा होते. बाहेर येताना, तुझ्या अंगाला चिकटून झोपताना, छातीला लागताना बाळ तुझ्याकडचे बॅक्टेरिया घेतं, आणि मग ते टिकतात का नाही हे ठरतं त्यांना काय खायला मिळतं त्यावर. पेरलेलं बी आणि वरचा पाऊस, आपल्याकडच्या माणसाला वेगळं सांगायला नको.

ह्या पावसाचं मला तुला जरा सावकाश सांगायचंय, कारण मी बावीस वर्षं बाळंतिणींच्या वॉर्डात त्यांचा आहार बघितला आणि ही एक गोष्ट मला आजही नवलाची वाटते. आईच्या दुधात लॅक्टोज आणि फॅट ह्यांच्यानंतर सगळ्यात जास्त जो घन पदार्थ असतो ना, तो बाळाला पचतच नाही. एक प्रकारच्या साखरा आहेत त्या, जवळपास २०० तऱ्हेच्या सापडल्यात, लिटरला ५ ते १५ ग्रॅम. आईचं शरीर एवढी मेहनत करून त्या बनवतं आणि बाळाला त्यातला कण पचत नाही. मग कशाला? तर बॅक्टेरियासाठी. बिफिडोबॅक्टेरिया नावाची एक जात आहे, त्यातली इन्फान्टिस म्हणून एक आहे ती ह्या साखरा फार आवडीनं खाते. खाऊन आम्ल सोडते, त्या आंबटपणात जुलाबाचे वाईट जंतू वाढत नाहीत. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधे हेन्री टिसिए म्हणून डॉक्टर होते, त्यांनी १८९९ च्या सुमाराला अंगावर पिणाऱ्या लेकरांच्या शीमधे हे वाय आकाराचे बॅक्टेरिया पहिल्यांदा पाहिले. आपल्या म्हाताऱ्या बायांना नाव माहीत नव्हतं पण खूण माहीत होती. नुसत्या अंगावरच्या लेकराचं दुपटं उलगडलं की मोहरीच्या चटणीसारखं पिवळं, दाणेदार, पातळ, वास आंबूस, घाण नाही. अशी शी दिवसातून आठ वेळा झाली तरी तो जुलाब नसतो, आणि दीड-दोन महिन्यांनंतर चार-पाच दिवस झालीच नाही आणि लेकरू मजेत असेल, पोट मऊ असेल, तरी ती बद्धकोष्ठता नसते. ह्या एका गोष्टीवरून किती लेकरांना उगाच औषधं पाजली जातात, मी मोजायचं सोडून दिलं.

आता तुझ्या पहिल्या मुलाकडे बघ. चार दिवस वरचं दूध, तेही बाटलीनं. तुमच्याकडं पाणी किती दिवसांनी येतं? आपल्या मराठवाड्यात आठ-आठ, दहा-दहा दिवसांचं पाणी टाकीत न् रांजणात भरून ठेवावं लागतं, लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलेलं सगळ्यांना आठवत असेल. अशा साठवलेल्या पाण्यात बाटली खळबळून दूध पाजलं तर बाटलीच्या बुचात, निपलच्या आतल्या कडेला जे राहतं त्यानं जुलाब होतात. त्यात तुझ्या आतड्याचा काय संबंध आला? सिझर, उशिरा लागलेलं दूध, बाटली, गुटी, हे एकापाठोपाठ एक आलं आणि ह्यातलं एकही तू एकटीनं ठरवलं नव्हतंस. सासूबाई दुष्ट आहेत असं मी म्हणत नाहीये, नातवाचे जुलाब धुतले असतील त्यांनीही, जीव जळला असेल. पण खोट हा शब्द चुकीचा आहे, आणि तो तू मनावर घेऊ नको.

सिझरचं विचारलंस. ब्रिटनमधे जवळपास ६०० बाळांच्या शीची तपासणी करून २०१९ साली मोठा अभ्यास आला. नॉर्मल झालेल्या बाळांना आईच्या आतड्यातले बॅक्टेरिया जास्त मिळाले होते, सिझरच्या बाळांना ते कमी आणि दवाखान्यात सापडणारे जास्त. हा फरक खरा आहे. पण त्याच अभ्यासात पुढं असंही दिसलं की सहा-नऊ महिन्यांपर्यंत फरक बराचसा मिटत आला, सगळा नाही, बराचसा. म्हणजे "बिघडणारच" हा शब्द तिथं बसत नाही. पहिलं सिझर म्हणून दुसरं सिझरच असंही नाही, तीन वर्षांचं अंतर चांगलं आहे, पण पहिलं कशासाठी केलं, टाका कसा आहे, बाळाचं वजन, तुझी शुगर, आणि अचानक सिझर करायची सोय असलेला दवाखाना जवळ आहे का, ह्या सगळ्यावर डॉक्टर ठरवतील. बॅक्टेरियासाठी म्हणून नॉर्मलचा हट्ट धरू नको. सिझरच्या आधी जे अँटिबायोटिकचं इंजेक्शन देतात तेही घ्यायचंच, त्यानं टाक्यात पू होण्याचा धोका बराच कमी होतो. आणि अजून एक, सिझरच्या बाळाला आईच्या योनीमार्गातल्या पाण्यात भिजवलेल्या बोळ्यानं पुसायचं असा एक प्रकार व्हिडिओत दाखवतात, तो घरी कुणी करायचा नाही, त्यातून आईचं एखादं इन्फेक्शन बाळाला लागू शकतं. २०१७ ला अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेनंही संशोधनाबाहेर हे करू नका असंच सांगितलंय.

आता १५६. ह्याच्याबद्दल तू एका ओळीत लिहून पुढं गेलीस, पण माझ्या मते सगळ्या पत्रात गोळ्यांच्या खालोखाल महत्त्वाची ओळ ती आहे. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी १४० किंवा त्याच्या वर आलं की ती गरोदरपणातली शुगर. ही काढून टाकायची गोष्ट नाही आणि घाबरून बसायचीही नाही. अशा आयांच्या बाळांच्या पहिल्या शीमधे बॅक्टेरियाची ठेवण वेगळी दिसते असे काही अभ्यास आहेत, सगळ्यांचं एकसारखं निघत नाही म्हणून मी त्यावर जोर देणार नाही, कारण त्याच्याहून उघड कारणं समोर आहेत. शुगर चढलेली राहिली तर बाळ जास्त जाड होतं, सिझरची शक्यता वाढते, जन्मल्यावर बाळाची साखर एकदम खाली जाते आणि मग काचेची पेटी, वरचं दूध, आईपासून लांब. आणि शुगर असलेल्या बाईला, त्यात सिझर झालं तर, दूध भरायला एखादा दिवस उशीरही होऊ शकतो. म्हणजे बघ, तुझी शुगर आवरली की बाळाच्या पोटाची निम्मी सोय आपोआप होते.

खाण्याचं सांगते. आपल्याकडं एक समज पक्का आहे की भाकरीनं शुगर वाढत नाही. वाढते गं, ज्वारीत पण पिठूळपणा आहेच, फक्त चोथा जास्त असल्यानं ती सावकाश चढते. तव्याएवढ्या दोन भाकरी एका बैठकीत दुधात कुस्करून खाण्यापेक्षा एक भाकरी, तिच्यासोबत घट्ट वरण नाहीतर मटकीची उसळ, हुलग्याचं पिठलं, एक वाटी पालेभाजी, चमचाभर जवसाची नाहीतर कारळाची चटणी आणि ताक. करडईची कोवळी भाजी, हरभऱ्याचा पाला, अंबाडी, मेथी, शेपू, शेवगा, ज्या दिवसात जे मिळेल ते, पैसे घालून आणावं लागणार नाही, रानातून आणायचं. ह्यातलं जे तुला पचत नाही ते तुझ्या आतड्यातले बॅक्टेरिया खातात आणि वर सांगितलं तसं आम्ल बनवतात, म्हणून रोज तीच बटाट्याची भाजी नको, आलटून पालटून. हुरडा आवडत असेल तर मूठभर, पोटभर नाही. गूळ चालतो असं कुणी म्हणालं तर त्याला सांग की शुगरच्या मशीनला गूळ न् साखर वेगळी कळत नाही. दोन जिवांचं खा म्हणून ताटात वाढत राहणाऱ्यांनाही प्रेमानं हात आडवा करायचा. दिवसात तीन मोठ्या जेवणांऐवजी थोडं थोडं पाच-सहा वेळा. जेवल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही, पंधरा-वीस मिनिटं अंगणात फिरायचं, हे औषधासारखं काम करतं. दोन आठवडे असं करून जेवणानंतर दोन तासांनी तपासायचं, १२० च्या आत आली तर छान, नाही आली तर डॉक्टर गोळी किंवा इन्सुलिन सुरू करतील, आणि इन्सुलिन म्हणजे आपण हरलो असं मुळीच नाही, कितीतरी जणींची वारच अशी असते की नुसत्या जेवणानं ऐकत नाही.

आंबवलेलं खाऊ का असं पुढं कुणीतरी विचारेलच. घरचं ताजं ताक, दही खा की. आमच्या लातूरकडं येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येच्या सणाला, ज्वारीच्या पिठाची आंबिल करतात ताकात आंबवून, ती पोटाला थंड आणि हलकी. पण ताकातले बॅक्टेरिया जाऊन बाळाच्या आतड्यात बसतील असं समजून नाही, जेवण चांगलं होतं म्हणून. कच्च्या दुधाचं काही नको, दूध उकळूनच.

रक्ताचं तू लिहिलं नाहीस, म्हणून विचारते, हिमोग्लोबिन किती आहे? ११ च्या खाली असेल तर लोहाची लाल गोळी रोज पाहिजेच, तसंही सरकारी हिशोबानं १८० दिवस द्यायची असते. शी काळी होते म्हणून खूप जणी सोडतात, ते न शोषलेलं लोह असतं, त्यानं काही बिघडत नाही. लिंबू पिळलेल्या पाण्यासोबत, जेवणाआधी किंवा जेवणानंतर घे, चहासोबत नको, कॅल्शियमची गोळी त्याच वेळी नको. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायांची डॉक्टरकडून मोफत तपासणी असते, आशाताईला विचार, खासगीत दाखवत असलीस तरी जाता येतं. मिसरी लावत असशील तर आजपासून बंद कर, त्यातली तंबाखू बाळाचं वजन खाते.

पावडरीचा डबा घेऊ नको. माझं मत स्पष्ट आहे आणि नुसतं पैशासाठी नाही. गरोदरपणात प्रोबायोटिक घेऊन शुगर टळते का ह्यावर झालेल्या सगळ्या चाचण्या एकत्र करून २०२१ साली कॉक्रेनचा, म्हणजे जगभरच्या औषधांच्या चाचण्या तपासणाऱ्या संस्थेचा, आढावा आला. शुगर टळते असं काही ठरलं नाही, उलट बीपी वाढण्याचा जो प्री-एक्लॅम्पसिया म्हणतात तो धोका थोडा वाढलेला दिसला. तुला आधीच शुगर आहे, तुझं बीपी आपल्याला जपायचंय. विकणारी बाई तुला कदाचित ओडिशाचं उदाहरण देईल, म्हणून तेही सांगून ठेवते. ओडिशाच्या खेड्यांमधे ४,५५६ नवजात बाळांवर चाचणी झाली, २०१७ ला छापून आली, आणि खरंच खूप मोलाची आहे, जंतुसंसर्ग न् मृत्यू मिळून ४० टक्के कमी झाले. पण ते बाळांना दिलं होतं, आईला नाही. एकच ठराविक बॅक्टेरिया, त्याच्यासोबत त्याचं खाद्य, सात दिवस, अभ्यासाच्या देखरेखीत, आणि ती सगळी बाळं अंगावर पिणारी होती. त्याचं नाव सांगून डब्यातली कोणतीही पावडर विकायची म्हणजे एका वाणाचं पीक दाखवून दुसरंच बी गळ्यात मारण्यासारखं आहे. २८०० रुपयात शुगर तपासायचं घरचं मशीन न् पट्ट्या येतात, ते घे.

आता मे महिन्याचं. बाळ झाल्यावर पहिला तास, सिझर झालं तरी, भूल कमरेखालची असेल आणि तू शुद्धीत असशील तर बाळाला उघड्या छातीवर ठेवून घ्यायचं आणि पाजायचा प्रयत्न करायचा. हे आत्ताच डॉक्टरांना न् सिस्टरांना सांगून ठेव, तेव्हा कुणाच्या लक्षात राहत नाही. सोबत येणाऱ्या बाईला, आई असो का सासूबाई, सांग की कुशीवर झोपवून बाळ छातीला लावून द्यायचं काम त्यांचं. मागच्या वेळी "चार दिवस दूध आलं नाही" म्हणतेस ना, आलं होतं गं. चीक आला होता. पहिल्या दिवशी बाळाला चमचा-चमचाच लागतं आणि तेवढाच येतो. घट्ट, पिवळा, बोटाला चिकटणारा. ३४ वर्षांपूर्वी माझ्या पहिल्या बाळंतपणात माझ्याकडून तो वाटीत पिळून घेतला आणि मोरीत ओतला, नासका म्हणून, तीन दिवस. मी शिकत होते आहारशास्त्र, मला माहीत होतं, आणि मी तोंड उघडलं नाही. मोरीच्या फरशीवरून तो पिवळा ओघळ जाताना मी बघत बसले होते. त्याचं वाईट आजही वाटतं, म्हणून इतकं तळमळीनं लिहिते. चीक पाज. बाळाची साखर कमी भरली आणि डॉक्टरांनीच वरचं सांगितलं तर घ्यायचं, वाटी-चमच्यानं, आणि दर वेळी आधी छातीला लावून मग वरचं.

मे महिन्यात आपल्याकडं ४२-४३ डिग्री. घशाला कोरड पडली असेल म्हणून लेकराला पाणी पाजायचा सगळ्यांना मोह होतो, पण सहा महिने पाण्याचा थेंब नको, दुधात पाणी भरपूर असतं, तहान लागली की ते जास्त वेळा पितं. पाणी तू पी.

मधाचं मात्र कडक सांगते. वर्षाच्या आत मध नाही, चाटण नाही, गुटीत नाही, बोटाला लावून नाही. मधात एका जंतूची बीजं असू शकतात, तू-मी खाल्ली तर काही होत नाही कारण आपल्या आतड्यात बॅक्टेरियाची दाट वस्ती आहे, त्या बीजाला रुजायला जागाच मिळत नाही. बाळाचं आतडं म्हणजे नुकतंच नांगरलेलं रान. तिथं ते बीज रुजतं, विष सोडतं, लेकराला आधी शी होत नाही, मग रडणं बारीक होतं, मान टाकतं, दूध ओढता येत नाही. क्वचित होतं, पण झालं तर श्वासाच्या मशीनवर ठेवावं लागतं. सासूबाईंना हे असं रानाच्या भाषेत सांगून बघ, शेतातल्या बाईला पटकन पटतं. सहाणेवर वेखंड, हळकुंड, जायफळ उगाळून द्यायची त्यांना हौस असेल, माया असते त्यात, मला कळतं, पण ती सहाण रोज उकळत्या पाण्यानं कोण धुतं, आणि सहा महिने दुधाशिवाय काहीच नको ह्याच्यात गुटीही आली.

शेवटचं तुझ्या झोपेचं. नेदरलँडमधे ५६ बाळांवरचा एक छोटा अभ्यास आहे २०१५ चा, ज्या आयांना गरोदरपणात फार ताण होता त्यांच्या बाळांच्या पोटात बिफिडो कमी निघाले. हे मी तुला घाबरवायला सांगत नाहीये, तुझ्यावर अजून एक ओझं टाकायला तर नाहीच. हे तुझ्या मालकांसाठी आहे, त्यांना हा परिच्छेद वाचून दाखव. दादा, तिला ताण घेऊ नको म्हणून ताण जात नसतो. तुमच्या आईला तुम्हीच सांगा की पहिल्याच्या जुलाबाला ती जबाबदार नाही. पाण्याचे हंडे तुम्ही उचला, दुपारी मोठ्याला दोन तास तुम्ही सांभाळा, रात्री जेवल्यावर तिच्यासोबत अंगणात फेऱ्या मारा, तारखेच्या आधी गाडीची सोय बघून ठेवा आणि १०८ चा नंबर दोघांच्याही फोनमधे असू द्या. तिला ताप-हुडहुडी, अंगावरून रक्त, डोकं फार दुखून डोळ्यापुढं अंधारी, किंवा बाळाचं फिरणं कमी वाटलं तर सकाळची वाट बघायची नाही.

आणि तू, लघवी परत तपासली का, नवीन रिपोर्ट काय आला, गोळ्या कोणत्या दिल्या, हे मला ह्या आठवड्यात कळव. हिमोग्लोबिन पण लिही त्यातच.